रोजचं रफूकाम

मावशीच्या छातीवर डाव्या बाजूला जांभळ्या शाईच्या तीन-चार रेघा आखल्या होत्या. त्या पुसायच्या नाहीत, तिथे साबण लावायचा नाही, असं किरणोपचार विभागातल्या मुलीने तिला दोनदा बजावलं होतं. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेली माझी मावशी आरशात त्या रेघांकडे बघून म्हणाली, "खडूने कापड बेततात तसं बेतलंय बघ मला." सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, म्हणजे एकूण २५ खेपा. यंत्राखाली झोपायचं ते जेमतेम काही मिनिटं, पण जाणं-येणं आणि बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसणं धरलं की अख्खा दिवस जायचा. त्या बाकावरची माणसं या उपचाराला कुणी 'शेक' म्हणायची, कुणी 'लाइट'. दहाव्या दिवशी मावशीचा धीर सुटला. "एवढे हेलपाटे कशाला गं? काय तो शेक एकदाच देऊन टाका म्हणावं!"

मी तिचा प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांना विचारला. ते घाईत होते, तरी थांबून म्हणाले, "एकदाच दिला तर गाठ जळेल, पण त्यांचं चांगलं शरीरही जळेल. रोज थोडा दिला की मधल्या वेळात चांगल्या पेशी स्वतःची दुरुस्ती करून घेतात. गाठीतल्या पेशींना ते तितकंसं जमत नाही."

पंचवीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. डीएनएची पीळदार शिडी फळ्यावर किती वेळा काढली असेन याचा हिशेब नाही. पण ती शिडी क्षणाक्षणाला मोडत असते आणि क्षणाक्षणाला सांधली जात असते, याला आमच्या अभ्यासक्रमात पुरता एक तासही नव्हता. मावशीच्या त्या २५ खेपांमध्ये, बाकावर बसल्या बसल्या, मी हा विषय नव्याने वाचून काढला.

*

आधी त्या यंत्राखाली काय होतं ते पाहू. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. रूढ पद्धतीत रोज साधारण २ ग्रे देतात. एक ग्रे किरण अंगावर घेतले की प्रत्येक पेशीतल्या डीएनएचा एक पदर हजारभर ठिकाणी तुटतो आणि दोन्ही पदर एकाच जागी तुटण्याचे प्रकार ३५-४० होतात. म्हणजे मावशीच्या त्या पाच मिनिटांत किरणांच्या वाटेतल्या प्रत्येक पेशीला, गाठीतल्या आणि बाहेरच्याही, सत्तर-ऐंशी गंभीर घाव बसत होते. निरोगी पेशी त्यातले बहुतेक घाव काही तासांतच सांधते. म्हणूनच एखाद्या रुग्णाला दिवसातून दोनदा किरण द्यायचे असतील, तर दोन्ही वेळांत किमान सहा तासांचं अंतर ठेवण्याचा दंडक आहे.

मात्रा वाटून देण्याचं हे शहाणपण सुचलं, त्या काळी डीएनएची रचनादेखील ठाऊक नव्हती. १९२०च्या दशकात पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रेगो मेंढ्यांवर प्रयोग करत होते. मेंढ्याला किरणांनी निर्बीज करायचं तर एकाच मोठ्या मात्रेने वरची कातडी भाजून निघायची. तीच मात्रा काही दिवसांत वाटून दिली की काम व्हायचं आणि कातडी शाबूत राहायची. त्यांचे सहकारी आँरी कुतार यांनी ही रीत घशाच्या कॅन्सरला लावली आणि रुग्ण बरे करून दाखवले. मधल्या वेळात नेमकं काय घडतं, हे समजायला मात्र १९५९ साल उजाडलं. अमेरिकेत मॉर्टिमर एल्किंड आणि हॅरिएट सटन यांनी काचपात्रात वाढवलेल्या पेशींना एकच मात्रा एकदम आणि दोन भागांत, अशी देऊन पाहिली. मध्ये काही तासांची उसंत मिळालेल्या पेशी जास्त संख्येने जगल्या. (आता स्तनाच्या कॅन्सरसाठी कित्येक ठिकाणी मात्रा थोडी वाढवून १५-१६ दिवसांतच उपचार पुरा करतात. पण तेही 'एकदाच' नव्हे.)

*

किरण ही तशी अवचित येणारी आपत्ती. तुमच्या-माझ्या पेशींतला डीएनए मात्र घरात स्वस्थ बसलो असतानाही मोडत असतो, आणि हे मानायला विज्ञानाला बराच वेळ लागला.

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांच्या आधारे दुहेरी पीळ मांडला. त्यानंतर डीएनए म्हणजे शिलालेखासारखा अढळ, अशी सगळ्यांची समजूत झाली. पिढ्यान् पिढ्या वारसा पोचवणारा रेणू भक्कम असणारच, हा तर्क वरवर बिनतोड होता. खुद्द क्रिक यांनी पुढे १९७४ साली कबूल केलं, की दुरुस्तीची भूमिका आमच्या नजरेतून पुरती निसटली.

तोमास लिंडाल हा तरुण स्वीडिश संशोधक १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रिन्स्टनला आरएनएवर काम करत होता. आरएनए जरा तापवला की त्याचे तुकडे पडायचे. लिंडाल यांच्या मनात शंका आली : आरएनए इतका नाजूक, तर त्याचाच सख्खा भाऊ असलेला डीएनए आयुष्यभर कसा टिकतो? स्वीडनला परतल्यावर त्यांनी डीएनए नुसता पाण्यात ठेवून तो किती वेगाने झिजतो हे चिकाटीने मोजलं. उत्तर धक्कादायक होतं. आपल्या शरीराच्या तापमानाला एका पेशीच्या डीएनएतून दिवसाला सुमारे १०,००० अक्षरं आपोआप गळून पडतात. कारण काय, तर पेशीतलं पाणी आणि शरीराची ऊब. श्वासातल्या ऑक्सिजनमुळे होणारी मोडतोड आणखी वेगळी. या गतीने झीज होत राहिली असती तर पृथ्वीवर जीवसृष्टी उभीच राहिली नसती. ज्या अर्थी ती आहे, त्या अर्थी पेशीत कुणीतरी सतत दुरुस्ती करत असलं पाहिजे, असा लिंडाल यांचा निष्कर्ष होता. मग ते त्या कारागिरांच्या शोधाला लागले.

पहिला कारागीर त्यांना १९७४ साली सापडला, आणि तो ज्या चुकीवर नेमलेला आहे ती मला फार विलक्षण वाटते. डीएनएची चार अक्षरं : ए, टी, जी आणि सी. शिडीच्या प्रत्येक पायरीवर ए समोर टी आणि जी समोर सी, अशी जोडी ठरलेली. यातल्या 'सी'चा एक कोपरा पाण्याशी संयोग होऊन झडला, की त्याचं 'यू' होतं, म्हणजे युरॅसिल. रोज प्रत्येक पेशीत शेकडो वेळा हे घडतं. आता आरएनएच्या लिपीत 'यू' हे अधिकृत अक्षर आहे. डीएनएत त्याच्या जागी 'टी' वापरतात, जे बनवायला पेशीला जास्त शक्ती खर्चावी लागते. ही उधळपट्टी कशासाठी? डीएनएच्या लिपीतही 'यू' असता, तर मूळचा 'यू' कोणता आणि झडलेल्या 'सी'चा झालेला कोणता, हे ओळखणार कसं? 'यू'ला लिपीतून हद्दपार केल्यामुळे डीएनएत कुठेही 'यू' दिसला की तो परका, हे नक्की. लिंडाल यांना सापडलेलं विकर (एन्झाइम) डीएनएवरून फिरत राहतं, 'यू' दिसला की तेवढंच अक्षर उपटतं, मग दुसरे कारागीर तिथला कणा कापतात, समोरच्या पदरावर 'जी' आहे हे बघून 'सी' बसवतात आणि सांधा जोडतात. लिपीची निवडच मुळी चूक पकडता यावी अशी केलेली आहे.

दुहेरी पदराचा खरा उपयोग इथे कळतो. एक पदर बिघडला तरी दुसऱ्यावर उत्तर लिहिलेलं असतं. मावशी जुन्या साड्यांना रफू करायची, तेव्हा फाटल्या जागेच्या चहूबाजूंनी वीण कशी जाते ते भिंगातून बघायची आणि मगच सुई घालायची. त्याच साडीच्या आतल्या काठातला धागा उसवून घ्यायची, म्हणजे रंग अचूक जुळायचा. पेशीची रीत याहून फार निराळी नाही.

*

उन्हाची गोष्ट वेगळी. सूर्याच्या अतिनील किरणांनी शेजारशेजारचे दोन 'टी' एकमेकांना चिकटतात. त्या जागी शिडीला आवाळू आल्यासारखं होतं आणि नक्कल करणारं यंत्र तिथे अडखळतं. एक अक्षर उपटून हे भागत नाही.

त्यावरचा एक इलाज अपघाताने सापडला. अल्बर्ट केल्नर अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला अतिनील किरणांनी सूक्ष्मजीव मारून उरलेल्यांवर प्रयोग करत होते. आकडे जुळत नव्हते. एकाच मात्रेने कधी जवळपास सगळे जीव मरायचे, तर कधी ढीगभर जगायचे. तापमानामुळे असेल म्हणून त्यांनी ते तपासलं, पण ते कारण नव्हतं. शेवटी लक्षात आलं, की ज्या बाटल्यांवर खिडकीतला उजेड पडत होता त्यांतले जीव उठून बसत होते. अतिनील किरणांनी मेल्यासारखे झालेले जीव साध्या दिवसाच्या उजेडाने जगत होते! १९४९ साली हे प्रसिद्ध झालं. त्यामागचं विकर पुढे क्लॉड रूपर्ट यांनी दाखवलं. ते चिकटलेल्या जागेवर जाऊन बसतं, निळा प्रकाश शोषतं आणि त्या शक्तीने दोन्ही 'टी' सुटे करतं.

या विकराच्या मागे लागलेला माणूस म्हणजे अझीझ संजार. आग्नेय तुर्कस्तानातल्या सावुर गावचा. आठ भावंडांतला सातवा, आईवडील निरक्षर. इस्तंबूलला डॉक्टर झाला, गावाकडच्या दवाखान्यात रुग्ण तपासले, पण मन रमलं ते या मरून उठणाऱ्या जिवाणूंमध्ये. तो टेक्सासला रूपर्ट यांच्याकडे गेला आणि १९७६ साली ते जनुक वेगळं काढून दाखवलं. एवढं करूनही पुढच्या संशोधनासाठी तीन ठिकाणी केलेले अर्ज तिन्हीकडून परत आले. मग येल विद्यापीठात त्याने प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची नोकरी धरली. पदवी डॉक्टरेटची आणि काम मदतनिसाचं. पण तिथेच त्याने दुसरी, अंधारातही चालणारी दुरुस्ती उलगडली. जिवाणूंची तीन प्रथिनं बिघडलेल्या जागेच्या दोन्ही अंगांना काप देतात, बारा-तेरा अक्षरांचा तुकडा उचलून टाकतात आणि समोरच्या पदराबरहुकूम नवा तुकडा विणला जातो. माणसात हा तुकडा तीसेक अक्षरांचा असतो आणि कारागीर कितीतरी जास्त लागतात. उजेडाने चालणारं विकर मात्र आपल्याकडे उरलेलं नाही. कांगारूकडे आहे, माणसाकडे नाही. आपण उन्हात कमावलेलं सगळं नुकसान याच कापून विणण्याच्या मार्गाने भरून काढतो. संजार यांना २०१५ साली लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपलं पदक त्यांनी अंकाऱ्याला अतातुर्क यांच्या स्मारकात ठेवायला दिलं.

हा कापून विणण्याचा मार्ग जन्मतःच बंद असलेली मुलं असतात. झिरोडर्मा पिग्मेंटोसम असं त्या आजाराचं नाव. घडीभर उन्हात गेलं तरी कातडी भाजते, लहान वयातच अंगभर काळे डाग उठतात आणि शाळकरी वयात त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अशा रुग्णांच्या पेशी तपासल्या आणि त्यांच्यात अतिनील किरणांनी झालेल्या मोडतोडीची दुरुस्तीच होत नाही, असं सिद्ध केलं. डीएनएची दुरुस्ती थांबली की कॅन्सर होतो, याचा माणसातला तो पहिला थेट पुरावा. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो, त्यामुळे नात्यात लग्नं होतात अशा समाजांत तो अधिक आढळतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत जिथे अजून आहे, तिथे ही गोष्ट माहीत असायला हवी.

*

आता दोन्ही पदर एकदम तुटले तर? समोर बघायला पदरच उरत नाही. सगळ्यांत धोक्याचा घाव तो हाच. पेशीकडे यावर दोन उपाय आहेत. पहिला घाईचा. तुटलेली टोकं काही प्रथिनं पकडून धरतात, थोडी साफ करतात आणि सरळ जोडून टाकतात. यात दोन-चार अक्षरं हरवतात किंवा जास्तीची घुसतात. हे ठिगळ झालं. दुसरा उपाय सावकाशीचा. पेशी विभागण्याच्या तयारीत असेल तर तिच्याजवळ त्याच गुणसूत्राची दुसरी ताजी प्रत असते. तुटका धागा त्या प्रतीत शिरतो, हरवलेला मजकूर तिथून अक्षर न् अक्षर उतरवून घेतो आणि परत येतो. हे खरं रफू. पण दुसरी प्रत हजर असेल तेव्हाच ते जमतं.

ठिगळाचाही माणसाने उपयोग करून घेतला आहे. २०२३ सालाच्या अखेरीस ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने सिकलसेलवर क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राचा पहिला उपचार मंजूर केला. त्यात रुग्णाच्या रक्तपेशी बनवणाऱ्या पेशी बाहेर काढतात आणि क्रिस्परची कात्री एका ठरावीक जागी डीएनए कापते. कात्रीचं काम तिथे संपतं. पुढे पेशीच घाईने ठिगळ लावते, दोन-चार अक्षरं बिघडतात आणि गर्भातल्या हिमोग्लोबिनला बंद करणारं बटण निकामी होऊन ते हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेलने कळा सोसणाऱ्या मुलांपर्यंत तो कधी पोचेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

रफूचा सर्वश्रेष्ठ कारागीर मात्र एक जिवाणू आहे. १९५६ साली अमेरिकेत ऑरेगनमध्ये डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचे प्रयोग चालले होते. सगळे जीव मरतील एवढी मात्रा दिली, तरी एक डबा नासला. आत गुलाबीसर रंगाचा एक जिवाणू मजेत वाढत होता. त्याचं नाव डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. माणसाच्या सर्वांगावर ४-५ ग्रे किरण पडले आणि उपचार मिळाले नाहीत तर जगण्याची शक्यता निम्मीच उरते. हा जिवाणू ५,००० ग्रे सोसतो. त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो ते सगळे पुन्हा योग्य क्रमाने जुळवतो. त्याच्याजवळ डीएनएच्या चार-सहा प्रती असतात, त्यामुळे एका प्रतीतली तुटलेली जागा दुसऱ्या प्रतीत अखंड सापडते. शिवाय दुरुस्ती करणारी प्रथिनं तो किरणांपासून शाबूत राखतो. हत्यारं शाबूत असली की मोडलेलं घर उभं राहतं. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या जिवाणूवर बरीच वर्षं काम झालं आहे. त्यात दुसऱ्या जिवाणूचं जनुक घालून किरणोत्सारी पाण्यातलं युरेनियम वेगळं काढण्याचे प्रयोगही तिथे झाले.

दुरुस्ती हरते तेव्हा काय होतं, ते नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला बघायला मिळतं. तिथे भाभा केंद्राने उभारलेल्या 'कृषक' प्रकल्पात कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांखालून कांदा नेतात. मात्रा १०० ग्रेच्या आतच. कांद्याच्या पोटात, मधोमध, कोंबाच्या पेशी विभागण्याच्या तयारीत दबा धरून असतात. त्यांच्या डीएनएत इतके तुटके सांधे होतात की त्या विभागूच शकत नाहीत आणि साठवणीतल्या कांद्याला कोंब येत नाही. बाहेरच्या पाकळ्यांच्या पेशींना विभागायचंच नसतं, त्यामुळे त्या होत्या तशा राहतात. कांदा किरणोत्सारी होत नाही, तो निर्धास्त खावा. २००७ साली अमेरिकेला गेलेला आपला आंबाही याच लासलगावच्या वाटेने गेला. तिथे ४०० ग्रे द्यावे लागले, आंब्याच्या कोयीतल्या किड्याची पुढची पिढी होऊ नये म्हणून. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या गाठीला कोंब फुटू नये म्हणून." किरणोपचाराचं याहून नेमकं वर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. गाठीतल्या पेशीही सतत विभागत असतात, तुटक्या डीएनएसह विभागायला जातात आणि तिथेच मरतात.

निरोगी पेशी तसं करत नाही, कारण तिच्याकडे पी-५३ नावाचं प्रथिन राखणीला असतं. डीएनए तुटल्याचा निरोप येताच ते विभागणी थांबवतं आणि दुरुस्तीला वेळ देतं. नुकसान आवाक्याबाहेरचं असेल तर पेशीला मरण्याचा हुकूम देतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये या राखणदाराचंच जनुक बिघडलेलं सापडतं. शेंगदाण्याला किंवा मक्याला लागणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतात याच जनुकावर, तेही एका ठरावीक जागी, घाव घालतं. खवट, काळपट दाणे निवडून फेकायची आजीची सवय म्हणून मोलाची. हत्तीच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी असूनही त्याला कॅन्सर क्वचित होतो. त्याच्याजवळ या जनुकाच्या ४० प्रती आहेत, असं २०१५ साली उघड झालं. आपल्याजवळ दोन.

तंबाखूचंही इथेच सांगते. रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत वर्षाला सुमारे १५० कायमचे बदल साठतात, असा २०१६ सालचा मोठा अभ्यास आहे. मिश्री आणि गुटख्यातली रसायनं तोंडाच्या पेशींच्या डीएनएला अशीच चिकटतात. कारागीर कितीही कुशल असले तरी रोज तीच जागा फाडत राहिलं की कधीतरी टाका चुकतो.

*

एक चूक अशी, जी कुणी बाहेरून येऊन करत नाही. पेशी विभागताना ६०० कोटी अक्षरांची नक्कल करावी लागते. नक्कल करणारं विकर लाखात एखादी चूक करतं, म्हणजे प्रत्येक वेळी ६०,००० चुका. त्यातल्या बहुतेक ते लगेच मागे वळून खोडतं. उरलेल्या शेकड्यांमधल्या बहुतेक दुसरी फळी पकडते, आणि शेवटी राहतात त्या मोजून दोन-चार. या दुसऱ्या फळीचं कोडं असं, की जोडी जुळत नाही हे दिसलं तरी दोनपैकी चुकीचं अक्षर कोणतं? पॉल मॉड्रिच यांनी जिवाणूंमध्ये याचं उत्तर शोधलं. जुन्या पदरावर जागोजागी छोट्या रासायनिक खुणा असतात, नव्या पदरावर त्या उमटायला थोडा वेळ लागतो. खूण आहे ती मूळ प्रत, खूण नाही ती नक्कल. दुरुस्ती नकलेत करायची. माणसात ही ओळख वेगळ्या रीतीने पटते, पण तत्त्व तेच.

जिवाणूतला हा शोध एका शिवणकाम करणाऱ्या बाईपाशी जाऊन पोचतो. १८९५ साली अमेरिकेत ॲन आर्बरला डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई होती. ती त्यांना म्हणाली, की मी गर्भाशयाच्या नाहीतर आतड्याच्या कॅन्सरने लवकर जाणार, आमच्या घरात सगळे तसेच जातात. वॉर्थिन यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. तिच्या घराण्याचा वृक्ष मांडला आणि १९१३ साली तो प्रसिद्ध केला. ती बाई तरुणपणीच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. त्या काळी हे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६०च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशी घराणी पुन्हा धुंडाळली आणि १९९३ साली कारण सापडलं : नकलेतल्या चुका पकडणारी, मॉड्रिच यांनी जिवाणूत अभ्यासलेली तीच फळी या घराण्यांत मोडकी होती. त्या बाईने आपल्या घरातली माणसं मोजली होती, आणि तिचं म्हणणं खरं होतं.

मावशीच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला कॅन्सर?" आम्ही सगळ्यांनी एका आवाजात "नाही" म्हटलं. रात्री आईला विचारलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. आजी ४८व्या वर्षी गेली, ती 'पोटात पाणी झालं' म्हणून, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्याला बीजाशयाचा कॅन्सर असं नाव होतं, पण ते घरात कधी उच्चारलं गेलं नाही. आजीच्या बहिणीला 'छातीत गाठ' होती, तीही झाकलेली. मुलींची लग्नं व्हायची होती.

ही माहिती मिळाल्यावर डॉक्टरांनी मावशीच्या रक्ताची जनुक तपासणी करून घेतली. बीआरसीए-१मध्ये दोष निघाला. हे जनुक कुठे असेल याचा माग मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली सतराव्या गुणसूत्रापर्यंत काढला आणि १९९४ साली ते हाती आलं. पुढे समजलं की त्याचं प्रथिन दोन्ही पदर तुटल्यावरच्या त्या सावकाश, अचूक रफूला लागतं. सदोष प्रत घेऊन जन्मलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते, बीजाशयाच्या कॅन्सरची ४० टक्क्यांच्या वर. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांचे आहेत. पण यातच उपायही लपलेला निघाला. २००५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांच्या दोन गटांनी दाखवलं, की एक पदर तुटल्यावर सांधणाऱ्या पार्प नावाच्या कारागिराला औषधाने अडकवून ठेवलं, तर ते छोटे घाव नकलेच्या वेळी दुहेरी घाव होतात. निरोगी पेशीजवळ बीआरसीएची एक तरी चांगली प्रत असते, त्यामुळे ती त्यातून निभावते. गाठीतल्या पेशींनी तीही गमावलेली असते, म्हणून त्या मरतात. ओलापारिब हे या जातीचं पहिलं औषध २०१४ साली मंजूर झालं. कॅन्सरला जी उणीव कामी आली, तिच्यावरच नेम धरून केलेलं हे औषध आहे.

आईची तपासणी निर्दोष आली. मावसबहिणीत तो दोष आहे. तिला कॅन्सर नाही, पण ती दरवर्षी एमआरआय करून घेते आणि तिच्या डॉक्टरांना तिचं सगळं घराणं माहीत आहे. मावशीच्या २५ खेपा पुऱ्या झाल्या, रेघा पुसल्या गेल्या. तिथली कातडी काळवंडली होती, ती तीन-चार महिन्यांत मूळ रंगावर आली.

या दिवाळीत घरी सगळे जमतील, तेव्हा एक कोरा कागद घ्या. आजी-आजोबा, मामा-मावशी, काका-आत्या यांतल्या कुणाला कॅन्सर झाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी, ते मोठ्यांना विचारून लिहून काढा. 'पोटात पाणी', 'छातीत गाठ', असं सांगून झाकलेलंही लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा. आणि वडिलांकडच्या बायका गाळू नका : बीआरसीएचा दोष आईकडून येतो तितकाच वडिलांकडूनही येतो.